कणगीचं पोट

दुधिवरे खिंड उतरून पवनेच्या बाजूला लागलं की कार्तिकात कापलेल्या भाताचा वास येतो. लोणावळ्यात तो नसतो. तिथे या दिवसांत चिक्कीच्या गुळाचा वास, गाड्यांच्या धुराचा वास आणि पावसाळाभर भिजून आता कुठे वाळायला लागलेल्या भिंतींचा वास. खिंड ओलांडली की हवा बदलते. मी स्कूटर हळू करते, हेल्मेटची काच वर करते. इंद्रायणी भाताच्या पेंढ्या खाचरात आडव्या पडलेल्या असतात, त्यांच्यावर दव असतं आणि ऊन नुकतं चढत असतं. एकोणीस वर्षं या रस्त्याने शाळेत जाते आहे, पण यंदा त्या वासाबरोबर चार वर्षांपूर्वीची सुगी इतकी स्पष्ट आठवली, की मी रस्त्याच्या कडेला थांबलेच.

आमची शाळा तिकोणा पेठेच्या अलीकडे, भातखाचरांच्या मधोमध आहे. सुगीत वर्ग निम्मा रिकामा असतो. जी मुलं येतात त्यांच्या मनगटांवर भाताच्या पात्यांनी ओरखडलेल्या बारीक लाल रेघा असतात, केसांत काड्या असतात. खिडकीतून झोडणीचा आवाज येत राहतो. कुणीतरी पेंढी उचलून फळीवर आपटतं, धप्प, आणि मग दाणे सांडल्याची सर. मी फळ्यावर सूत्र लिहीत असते आणि पोरं त्या आवाजावरून कुणाच्या खळ्यावर किती माणसं लागली आहेत ते ओळखत असतात.

मी गणिताची बाई. नववी-दहावी माझ्याकडे. आणि खरं सांगायचं तर, त्या काळात मी चित्रकलेचे तास पळवायची.

चित्रकलेला तेव्हाही शिंदे सरच होते. देहूरोडला राहायचे, लोकलने कामशेतला उतरून पुढे एसटीने यायचे. त्यांचे वडील तिथल्या लष्करी डेपोत खोक्यांवर नंबर आणि अक्षरं रंगवायचे. सरांचं अक्षर म्हणूनच छापल्यासारखं होतं, आणि शाळेतले सगळे फलक, सगळ्या सूचना, सगळी प्रमाणपत्रं त्यांच्या गळ्यात पडायची. मी स्टाफरूमच्या दारातून विचारायची, "सर, आजचा तास देता? घनफळ राहिलंय." ते म्हणायचे, "घ्या की बाई." कधी नाही म्हणाले नाहीत. मी वर्गात जायची आणि ते खिडकीशी बसून ब्लेडने पेन्सिली तासत राहायचे. एका वर्षात मी त्यांचे किती तास घेतले असतील, हे मोजायची मला कधी गरज वाटली नाही. गणिताच्या बाईला!

एवढे तास घेऊनही नववीचं घनफळ काही जमत नव्हतं. मुलांना सूत्र पाठ होतं, पण शंकू आणि वृत्तचिती यांच्यातलं काय कशाला लावायचं ते कळत नव्हतं. सहामाहीत सगळ्यांत कमी गुण कविताला होते. ती तिकोणा किल्ल्याच्या पायथ्याच्या वरच्या वस्तीतली, ठाकर आदिवासींची मुलगी. चाळीसपैकी चार. उत्तरपत्रिकेच्या शेवटच्या पानावर तिने एक कोंबडी काढली होती, पिसं न् पिसं वेगळं. मी त्या कोंबडीवर लाल पेनाने फुली मारली होती. ते अजून डोळ्यांसमोर आहे.

दिवाळीच्या सुट्टीआधी मी तिच्या आईला शाळेत बोलावलं. ती कामावरून तशीच आली होती, पदराला चिखल होता. मी तिला समजुतीच्या सुरात सांगितलं, "हे बघा, दहावीला हिचं गणित निघणार नाही. त्यापेक्षा सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसवा. घरी राहून अभ्यास करेल." सतरा नंबरचा फॉर्म म्हणजे शाळेत न येता खासगी विद्यार्थी म्हणून परीक्षेला बसणं. मी तिला हे सांगितलं, पण त्याने शाळेचा निकाल सावरतो, हे नाही सांगितलं. आई ऐकत होती. शेवटी "बरं" एवढंच म्हणाली आणि गेली.

सुट्टी संपली, शाळा भरली, कविता आली नाही. एक दिवस, आठ दिवस, बारा दिवस. हजेरी घेताना मी तिच्या नावापाशी जरा थांबायची आणि पुढे जायची.

त्याच दिवसांत वरून परिपत्रक आलं. कला आणि इतर विषय एकत्र शिकवायचे, प्रत्येक शाळेने एक प्रकल्प करायचा, फोटो काढून पाठवायचे. आमच्या मोठ्या बाईंनी ते वाचलं आणि मला नि शिंदे सरांना एकत्र बोलावून टेबलावर ठेवलं. "तुम्ही दोघं करा. गणित आणि चित्रकला. पंधरा दिवसांत."

मी त्याच संध्याकाळी सगळं ठरवून टाकलं. चार चार्टपेपर, त्यांवर घनफळाची सूत्रं, सरांनी सुंदर अक्षरांत लिहायची, भोवती मुलींनी वारली नक्षीची किनार काढायची. दुसऱ्या दिवशी सरांना सांगितलं. त्यांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली.

"बाई, ही चित्रकला नाही झाली. ही गणिताला लावलेली झालर झाली."

इतक्या वर्षांत सर माझ्याशी पहिल्यांदाच असं बोलत होते. मी जरा चिडूनच म्हटलं, "मग काय करायचं ते तुम्ही सांगा."

"माझे तास मला परत द्या. दोन आठवडे. आणि तुम्हीही वर्गात बसा. मागच्या बाकावर."

मी बसले. मागच्या बाकावरून वर्ग वेगळा दिसतो. पुढच्या मुलींच्या वेण्या, कुणाच्या शर्टाच्या कॉलरला उसवलेली शिवण, बाकावर कर्कटकाने कोरलेली नावं. सरांनी फळ्यावर काहीच लिहिलं नाही. ते म्हणाले, "घरातली एक गोल वस्तू काढा. पण तुमच्या गणिताच्या पुस्तकात नसलेली."

त्याच दिवशी कविता आली होती. तिची बोटं कापलेली होती, काळी पडली होती. कापणीला आईबरोबर मजुरीला गेलती, असं तिने मान खाली घालून सांगितलं आणि बाकावर बसली.

मुलांनी घागरी काढल्या, गॅसचा सिलिंडर काढला, ट्रॅक्टरचं चाक, गच्चीवरची काळी टाकी. मी बाकांमधून फिरत कवितापाशी आले. तिने कणगी काढायला घेतली होती. पूर्वी घरोघर भात साठवायला कळकाच्या म्हणजे बांबूच्या कामट्यांची कणगी असायची, बाहेरून शेणामातीने लिंपलेली. तळाशी अरुंद, मध्ये फुगलेली, तोंडाशी पुन्हा बारीक. कविता बाहेरचा आकार काढतच नव्हती. तळापासून सुरुवात करून एकावर एक वेढा काढत ती वर चालली होती. खालून वर, जशी विणतात तशी.

मी न राहवून म्हटलं, "अगं, आधी बाहेरची रेघ काढ ना."

फळ्यापाशी उभे असलेले शिंदे सर माझ्याकडे बघून नुसती नको अशी मान हलवत होते. मी गप्प जाऊन मागच्या बाकावर बसले.

तास संपल्यावर सरांनी कविताला विचारलं, "विणायला कुणी शिकवलं?"

"आत्या विनती. हौसाआत्या."

"शाळेत येईल?"

कविता पहिल्यांदा हसली. "यील की. पर तिला चा लागतो."

हौसामावशी दुसऱ्या दिवशी डोक्यावर कळकाची मोळी घेऊन आली. पंचावन्न-साठीची, काटक, कानात चांदीच्या बाळ्या. शाळेच्या व्हरांड्यात तिने बैठक मारली, कोयत्याने कळक उभा फोडला आणि त्याच्या कामट्या काढायला लागली. तो आवाज ऐकून आठवीची पोरंही खिडकीत गोळा झाली. सरांनी नववीच्या मुलांना भोवती बसवलं. रोज एक तास. मावशी विणायची, मुलं तिला कामट्या द्यायची आणि मग जेवढं विणून झालं तेवढंच काढायची. तळ झाला, तळ काढा. पहिले दहा वेढे झाले, दहा वेढे काढा. एक डोळा मिटून, पेन्सिल हाताने पुढे धरून रुंदी कशी बघायची ते सरांनी शिकवलं. त्यांनी मलाही कागद दिला. मी चाळिशी उलटल्यावर पहिल्यांदा चित्र काढत होते. माझी कणगी डावीकडे कलली होती. कविता माझ्या कागदाकडे बघून तोंडावर हात ठेवायची.

"आता कोण घेतं हो मावशी कणग्या?" मी विचारलं.

"भाताला कोन न्हाई घेत. समदी पोती नायतर पिंपं झाली," मावशी म्हणाली. "लोनावळ्याचे रिसॉर्टवाले नेत्यात. आत दिवा ठेवायला."

कणगी पुरी झाली. माझ्या कमरेपेक्षा थोडी उंच. आता माझा विषय आला, असं मला वाटलं. मी उठून फळ्यापाशी गेले आणि विचारलं, "हिच्यात किती पायली भात मावेल?" पायली म्हणजे धान्य मोजायचं जुनं माप. एका मुलाने घरून लोखंडी पायली आणली होती. आम्ही तिच्यात पाणी भरून ते लिटरच्या बाटलीने मोजलं. साडेतीन लिटर. आता फक्त कणगीचं घनफळ हवं होतं.

मी सरळ वृत्तचितीचं सूत्र लिहिलं आणि कणगीच्या तोंडाची त्रिज्या घातली. उत्तर आलं चाळीस पायली. वर्गातला एक हुशार मुलगा म्हणाला, "बाई, पोटाची त्रिज्या घ्या ना." ती घेतली. एकशे दहा आलं. वर्ग हसायला लागला. चाळीस आणि एकशे दहा! मी पुन्हा तपासलं. गुणाकार बरोबर होता.

हौसामावशी दारात चहाचा कप घेऊन उभी होती. तिने फळ्यावर मी काढलेल्या सरळसोट आकृतीकडे पाहिलं. "बाई, ही तुमची कणगी उपाशी दिसती."

वर्ग खो खो हसला. मीही हसले.

"मावशी, तुम्हीच सांगा मग, किती मावेल?"

तिने कणगीला एका हाताने कवळ घातली, वरून खालून हात फिरवला. "सत्तर," म्हणाली आणि चहा प्यायला लागली.

मी सूत्रांमध्ये शोधत होते आणि मला अशा फुगीर आकाराचं सूत्र नववीच्या पुस्तकात सापडत नव्हतं. तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला. त्या वर्गात मी तो आवाज क्वचितच ऐकला होता.

"बाई, एकेक वेढा येगळा मोजला तर?"

"म्हणजे कसं?"

कविता उभी राहिली, तिच्या चित्राचा कागद तिने दोन्ही हातांत धरला होता. "म्हंजी भाकरीवानी. एक भाकर, तिच्यावर दुसरी थोडी मोठी, मग तिसरी आनखी मोठी. मग परत ल्हान व्हत जायाचं. समदी चळत मोजायची."

माझ्या हातातला खडू तसाच राहिला. फुगीर वस्तूचे पातळ काप करायचे, प्रत्येक काप म्हणजे एक बुटकी वृत्तचिती, आणि सगळ्यांची बेरीज घ्यायची. मी हे कॉलेजात शिकले होते, मोठमोठ्या चिन्हांसकट. आणि इथे चाळीसपैकी चार गुणांची मुलगी ते भाकरीच्या चळतीवर दाखवत होती. तिच्या कागदावर ते आधीपासून होतं. मी तिला बाहेरची रेघ काढ म्हणत होते.

मग दोन दिवस वर्गात दुसरं काही झालं नाही. दहा दहा सेंटिमीटरवर सुतळी गुंडाळायची, परीघ मोजायचा, त्यावरून त्रिज्या काढायची. शिंदे सरांनी मोठ्या कागदावर कणगीचा उभा छेद काढून घेतला, आणि त्याच्यावर दहा आडव्या पट्ट्या. प्रत्येक बाकाला एक पट्टी. कविताच्या बाकाला पोटाची. तिने भागाकार तीनदा चुकवला, चौथ्यांदा बरोबर केला, आणि प्रत्येक वेळी उठून कणगीपाशी जाऊन पुन्हा सुतळी लावून बघत होती. बेरीज झाली. अठ्ठ्याहत्तर पायली.

मी मनातून सुखावले, हे कबूल करायला हवं. मावशीचा अंदाज आठ पायलींनी चुकला होता. पद्धत मुलीची असेल, पण गणित गणितच. मी तसं बोलूनही दाखवलं. मावशी म्हणाली, "भरून बगा की."

शनिवारी तिकोणा पेठेचे बाळूभाऊ टेम्पोतून भाताची पोती घेऊन आले. त्यांचा मुलगा आमच्याच वर्गात होता. मैदानात ताडपत्री पसरली, कणगी मधोमध ठेवली. बाळूभाऊंनी पायली भरायची, मुलांनी मोठ्याने मोजायचं. मोठ्या बाई फोटो काढत होत्या. पन्नास झाल्या, साठ झाल्या, पासष्ट. भात तोंडाशी यायला लागला. अडुसष्ट, एकोणसत्तर, सत्तर. कणगी भरली. काठोकाठ. पोरांनी एकच गिल्ला केला, मावशीने पदराने तोंड पुसलं.

माझा चेहरा बघून शिंदे सर जवळ आले. "बाई, आपण गणितात चुकलो नाही. काहीतरी पाहायचं राहिलंय. बाळूभाऊ, परत एकदा पायली भरून दाखवता?"

बाळूभाऊंनी पायली भातात खुपसून वर काढली. भात काठाच्या वर टोकदार उभा राहिला होता. त्याला आमच्याकडे शीग म्हणतात.

"हितं काठापर्यंत भरलं तर माणूस म्हनल, कंजूस हाये," बाळूभाऊ म्हणाले. "शिगंशिवाय पायली न्हाई."

आम्ही पाण्याने मोजली होती ती सपाट पायली. पाण्याला शीग कुठून येणार! सगळा वर्ग त्या टोकाकडे बघत होता, आणि एकाच वेळी पाच-सहा मुलं ओरडली, "बाई, शंकू!" फळ्यावर महिनाभर डोकं फोडून जो शंकू त्यांना दिसला नव्हता, तो बाळूभाऊंच्या हातात उभा होता. मुलांनी पट्टीने शिगेची उंची घेतली, ताडपत्रीवरच गुडघे टेकून हिशेब केला, शीग धरून पायली किती होते ते काढलं. भागाकार केला. सत्तर. मावशीचे सत्तर आणि कविताच्या भाकरींचे अठ्ठ्याहत्तर दोन्ही खरे होते. शिंदे सर एका गुडघ्यावर बसून ते सगळं रेखाटत होते, घाईघाईने. त्यांच्या कागदावर मी आहे, तोंड उघडं, हातात खडू. ते चित्र त्यांनी मला दिलं नाही. मागितलं तर म्हणाले, "तुम्ही फाडाल."

फोटो पाठवले. पुढे त्यांचं काय झालं कळलं नाही, कुणी काही विचारलंही नाही. नववीचा सगळा वर्ग एकदम हुशार झाला असंही नाही. घनफळ जमलं, बीजगणितात परत तीच तारांबळ. पण वेळापत्रकातल्या चित्रकलेच्या चौकोनाला त्यानंतर मी हात लावला नाही. उलट अधूनमधून शिंदे सरच स्टाफरूमच्या दारातून विचारतात, "बाई, आजचा तास देता? प्रमाण शिकवायचंय." मी देते, आणि मागच्या बाकावर जाऊन बसते. माझी चित्रं अजून डावीकडे कलतात. कविता दहावी झाली. गणितात एक्कावन्न मिळाले, तिला आणि मला दोघींनाही पुरेसे. आता ती आयटीआयमध्ये घरांचे नकाशे काढायला शिकते आहे. सुट्टीत भेटली की दुकानाच्या गाळ्यापासून देवळाच्या कळसापर्यंत कुणी काय वाकडं बांधलंय ते सांगत असते.

पण त्या सुगीतलं सगळ्यांत जवळचं काही असेल तर ते मैदानातलं नाही. त्या शनिवारी दुपारी, टेम्पो गेल्यावर, मी कविता आणि हौसामावशीबरोबर वरच्या वस्तीवर गेले. चढ दमवणारा होता, दोन्ही बाजूंना करवीची झुडपं वाळत चालली होती. कविताची आई अंगणात सुपाने भात वारवत होती. मला बघून तिने सूप खाली ठेवलं आणि घरातून गोणपाट आणून अंथरलं. मी वाटेत सगळं बोलणं जुळवून ठेवलं होतं. तिच्यासमोर बसल्यावर त्यातलं फार थोडं आठवलं.

"मागे मी तुम्हाला म्हणाले होते ना, हिला बाहेरून बसवा म्हणून. ते माझं चुकलं. तिला शाळेत येऊ द्या. मी शिकवेन. मीच नीट बघितलं नव्हतं तिच्याकडे."

आई माझ्याकडे बघत राहिली. मग हौसामावशीकडे बघितलं, आणि दोघी एकदम हसल्या.

"अवो बाई, आमी कुटं मनावर घेतलं तुमचं?" ती म्हणाली. "कापनी व्हती म्हून पंधरा दिस ठिवली घरी. तिचीच भुणभुण व्हती, बाई नगं म्हनत्यात तर न्हाई जायाची शाळंत. मीच म्हनलं, जा. बाई काय वाईट न्हाईत, नव्या हायेत अजून."

एकोणीसपैकी तेव्हा माझी पंधरा वर्षं झाली होती. तिने सुपातला मूठभर भात माझ्या ओंजळीत घातला, बघायला, यंदाचा दाणा कसा भरलाय ते. मी खरंच बघितला.